सिस्टरचा घट मी उठवला!

फजिती कुणाची होत नाही हो? पण माझी झाली ती चांगलं करायला गेले म्हणून! ऐकाच, आणि हसायचं असेल तर खुशाल हसा.

साल असेल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. आखाडा बाळापूरला आमच्या शेजारच्या खोलीत लिसी सिस्टर राहायची. केरळची पोरगी, दवाखान्यात नर्स. माझं दुसरं बाळंतपण तिनंच केलेलं, त्यामुळं माझा तिच्यावर भारी जीव. त्या वर्षी तिचे वडील वारले होते. नाताळाला आई एकटी कशी राहील, म्हणून तिनं अम्मालाच इकडं बोलावलं.

डिसेंबरात एक दिवस बघते तर काय, बाई ताटल्यांत माती भरून गहू पेरतेय!

"आमचे पप्पा दर नाताळाला पेरायचे, ताई. अम्माला बघून बरं वाटेल."

"घट बसवून राहिलीस व्हय!" मी म्हणाले. तिला घट कळला नाही, आणि मला पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही. विचारायचं काय त्यात? नवरात्रात आम्हीही तेच करतो. सण कुणाचाही असो, निघणार शेतातूनच!

चोवीस तारखेला ती अम्माला आणायला नांदेडला गेली. जाताना म्हणाली, "ताई, गव्हाला पाणी तेवढं घाला."

मी तिची खोली उघडली. कोपऱ्यात कडब्याचा इवलासा गोठा, आत मातीच्या गाई-मेंढरं, भोवती वीतभर हिरवा गहू. मला वाटलं, उद्या सण, पोरगी दमून येणार, मग घट उठवणार कोण? हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि दसऱ्याला उपटतो तसा सगळा गहू उपटला!

हे म्हणाले, "अगं, तिचा सण तिला करू दे की! तू काहून मधी मधी?"

"तुमी गप बसा. तिच्या बापाच्या आठवणीचं धान हाय. सगळ्या गल्लीनं डोक्यावर घ्यावं."

आणि घेतलं हो गल्लीनं! चहावाल्यापासून जीपवाल्यापर्यंत जो तो टोपीत हिरवा तुरा खोवून हिंडतोय. मी माझ्या अंबाड्यातही खोवला.

संध्याकाळी मायलेकी आल्या. अम्माला आमच्या ओसरीवर बसवून सिस्टर खोलीत गेली आणि तशीच बाहेर आली.

"ताई, गहू कुठंय?"

"वाटला की सगळ्याईला!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "वाटायचा नसतो, ताई. रात्री त्या गोठ्यात बाळ जन्मतं. त्याच्याभोवतीचं शेत होतं ते. पप्पांशिवायचा पहिला नाताळ, अम्माला ते शेत दाखवायचं होतं मला."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली! धावत सुटले, टोप्यांतले तुरे परत मागू लागले. पण सुकलेले कोंब कधी मातीत उभे राहतात होय? मी रडायच्या बेतात. ह्यांनी मात्र सायकल काढली. अम्माचा चहा होईतो आमच्या रानातला गहू ढेकळासकट पाटीत भरून आणला आणि गोठ्याभोवती रचला. आता गहू एवढा उंच की गाई दिसेनात!

मग अम्माला आत नेलं. ती बघतच राहिली. गव्हावरून हात फिरवला, पदरानं डोळे पुसले आणि मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटली.

सिस्टर म्हणाली, "अम्मा म्हणते, पप्पांचं शेत एवढं कधीच पिकलं नव्हतं."

मलाही रडू आवरेना. मी अम्माला जवळ घेतलं, तर तिचं लक्ष माझ्या अंबाड्यातल्या तुऱ्याकडं! सिस्टरनं मग सगळं रामायण सांगून टाकलं. अम्मानं आधी कपाळाला हात लावला. मग अशी हसली, अशी हसली! तो तुरा काढून तिनं स्वतःच्या केसांत खोवला आणि लेकीच्या कानात काहीतरी सांगितलं. सिस्टर सांगायला तयार होईना.

"अगं सांग की, काय म्हणाली?"

"अम्मा म्हणते, बाळ जन्मायला रात्रीचे बारा वाजतील. तोवर या ताईंना बाहेर बसवा, नाहीतर जन्मायच्या आधीच त्याचं बारसं उरकून मोकळ्या होतील!"