आधीची पोरं

सांगलीत आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर रंगीत माशांचं एक दुकान आहे. तिथले चाचा मासा देण्याआधी पाण्यात बोट बुडवायचे. बोटाकडे झेपावेल तोच जाळीत. मग पिशवीत हवा भरून रबर गुंडाळताना विचारायचे, "आधीची पोरं कशी हायत?"

"मजेत," मी ठोकून द्यायचे.

खरं तर प्रयोगशाळेत मी त्या झेब्रा माशांना क्षयाच्या जंतूच्या एका भाऊबंदाची लागण करायचे. माणसाचा आजार त्यांच्यात पाहायचे. बहुतेक मरायचे.

एक दिवस चाचा रबर गुंडाळता गुंडाळता थांबले. "मॅडम, टाकी मीच दिलीया. एवढं मासं त्यात मावत न्हाईत."

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पिशवी सोडली आणि मासे परत ओतले. संपलं, मला वाटलं. पण ते मागच्या टाकीशी गेले आणि कितीतरी वेळ बोट बुडवून उभे राहिले.

"ही न्या. लय दांडगी हायत. रोगाशी भांडत्याल तरी."

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

"दोघं अजून झुंजतायत, चाचा," मी म्हणाले.