मोठ्याने लिहिणारा

करोनाच्या वर्षी शेंदूरजनाघाटच्या पुढे, मध्य प्रदेशच्या सीमेवर नाका लागला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव, फोन नंबर आणि कुठे चालला, हे लिहायला तिथे एक कारकून बसायचा. मी संत्र्याच्या गाडीबरोबर रोज जायचो, तरी रोज विचारायचा, "कुठी चालले भाऊ?" प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत तो लिहायचा. बोलल्याशिवाय त्याचा हातच चालत नसे. रांगेत आम्ही हसायचो.

एकदा माझ्यापुढे शेजारच्या घरची सून होती. "पांढुर्णा, मैत्रिणीकडे," असं म्हणत त्याने लिहून घेतलं. संध्याकाळी तिचा नवरा तिला गावभर शोधत होता. मी सहज सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तिला मोटारसायकलवर परत आणलं. तिचा ओठ सुजला होता. कारकुनाने तिचं नाव पहिल्यांदाच मुकाट लिहिलं. ते गेल्यावर मला म्हणाला, "माह्याच तोंडानं घात केला भाऊ. कोनीतरी आयकलं अन् सांगतलं."

नाका उठेपर्यंत तो मग शब्द मनातच म्हणत लिहीत राहिला. मी रोज त्याच्यासमोर उभा राहून नाव सांगायचो, नंबर सांगायचो. ऐकणारा मीच होतो, एवढं मात्र कधी सांगितलं नाही.