आत्याच्या वायफायवरचा अनोळखी

माझ्या आत्याइतकी शिस्तीची बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि असलीच तर ती आत्याच्याच हाताखाली शिकलेली असणार. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने कोपरच्या घरात वर्गाऐवजी वायफाय हाती घेतलं. रोज चहाआधी ती लॅपटॉपवर काळा पडदा उघडून एक कमांड देते आणि घरातल्या वायफायवर कोण कोण आहे ते समोर येतं: टीव्ही, प्रिंटर, काकांचा फोन. प्रत्येक यंत्राचा वायफायवरचा नंबर तिने नावासकट त्यात भरून ठेवलाय. ज्याची नोंद नाही त्याच्यापुढे 'अनोळखी' असं येतं आणि मग त्याची धडगत नसते. एकदा जावई नवा फोन घेऊन आले, तर दारातच विचारणा, "हा कुणाचा? आधी नोंद करा, मग बसा." बिचारे उभ्याउभ्याच पाणी प्यायले.

मी खूप हसायचो. पण काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, हल्ली विसर पडतो. दार उघडून निघाले की परतीची वाट सापडत नाही, आणि खिशातला फोन वाजला तरी उचलायचं सुचत नाही. म्हणून ते घरात आहेत की नाहीत हे ती स्वयंपाक करता करता त्या पडद्यावर बघून घेते.

परवा संध्याकाळी मी गेलेलो, तर दार सताड उघडं आणि काका गायब. शेजारी स्टेशनकडे धावले. आत्या मात्र लॅपटॉपपुढे बसली. कमांड दिली, तर पडद्यावर एकही नाव नाही.

"आत्या, चल गं, वेळ जातोय!"

तिचा आवाज वर्गातलाच. "थांब रे. समोर टीव्ही चालू आहे आणि हा पडदा म्हणतो कुणीच नाही. म्हणजे चुकतंय ते माझंच."

चूक सापडली. घाईत कमांडच्या आधीचा परवानगीचा शब्द राहून गेला होता; त्याशिवाय लॅपटॉप नावं दाखवत नाही. जन्मभर पोरांना 'आत येऊ का' विचारायला लावणारी बाई स्वतःच न विचारता आत शिरत होती! पुन्हा कमांड दिली. सगळे आले, काका नाहीत. खाली एक अनोळखी.

मी दाराकडे वळलो. आत्या मात्र त्या ओळीकडे बघत राहिली आणि एकदम तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, दुपारी ह्यांच्या फोनमधलं सगळं पुसून मीच तो वायफायला नव्याने जोडला. असा नव्याने जोडलेला फोन वायफायला दुसराच नंबर सांगतो. सगळ्या जगाची नोंद केली आणि ह्यांचीच राहिली! हा अनोळखी म्हणजे हेच. इथेच आहेत, वायफायच्या टप्प्यात."

आम्ही मागच्या गॅलरीत धावलो. बरोबर खाली, कित्येक वर्षं बंद पडलेल्या स्कूटरवर काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. वर बघून म्हणाले, "अगं, किती वेळ? शाळेची घंटा होईल."

मी काही समजावणार, तेवढ्यात आत्या पर्स उचलून जिना उतरलीसुद्धा. पदर सावरून मागे बसली आणि म्हणाली, "चला." सगळं गाव सैरावैरा धावत असताना जागेवर बसून नवरा शोधणारी ही बाई माझी आत्या आहे, हे मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं. डोळेही भरून आले.

स्कूटर जागची हलली नाही. आत्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिली. थोड्या वेळाने काका म्हणाले, "उतर. आली शाळा."