स्प्रिंगभाऊचा ढोल्या

स्प्रिंगभाऊला बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. कंपनीच्या कँटीनमध्ये तो ताट हातात धरून उभ्याने जेवायचा आणि जेवता जेवता या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा. बसची वाट पाहणं तर त्याला जमतच नसे. दहा मिनिटं झाली की "चल, फुडच्या स्टॉपवर जाऊ" म्हणत चालायला लागायचा. दोन स्टॉपच्या बरोबर मध्ये पोचलो की मागून बस यायची आणि अंगावर धूळ उडवून निघून जायची. माझ्यासमोर हे सात-आठ वेळा तरी झालं असेल. त्याचं हे नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला माणसाची पारख होती. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा, म्हणून मी पुढे भाऊ लावायचो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नागापूरच्या एमआयडीसीत आम्ही दोघं शेजारशेजारच्या लेथवर टेंपररी टर्नर होतो. तो खर्ड्याकडचा, मी देवळाली प्रवराचा. तीन वाजता शिफ्ट सुटली की खोलीवर जायच्या आधी आमचे पाय मागच्या रस्त्याला वळायचे. तिथं एका बंद पडलेल्या गॅरेजात व्हिडिओ गेमच्या तीन मशिनी होत्या. कोपऱ्यातली मारामारीची. तिच्यासमोर उभा राहिला की हा माणूस एकदम गप्पगार व्हायचा. पाय जमिनीत रोवलेले, डोळे पडद्यावर आणि फक्त दोन मनगटं हलती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, याला बरं वाटत नाहीये.

त्या गेममधली अक्षरं जपानी होती का चिनी, यावर तिथं रोज वाद व्हायचा, पण वाचता कोणालाच येत नव्हती. म्हणून पोरांनीच लढवय्यांची बारशी केली होती. अगडबंब तो ढोल्या, सडपातळ ती काडी, लांब काठी घेतलेला तो दांडेकर. सगळं थोडं थोडं येणारा एक होता, त्याला मास्तर म्हणत. नवखे पटकन काडी किंवा दांडेकर निवडायचे. स्प्रिंगभाऊ मात्र कायम ढोल्या घ्यायचा. जागचा हलायलाही ज्याला वेळ लागतो असा गडी या चुळबुळ्या माणसाने का घ्यावा, याचं मला फार नवल वाटायचं.

पहिल्या दिवशी मी काडी घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो आणि दिसेल ते बटण बडवत सुटलो. काडी हवेत उड्या मारत होती, लाथा झाडत होती. ढोल्या हात आडवे धरून उभा. मध्येच त्याने तीन फटके दिले आणि काडी आडवी झाली. भाऊ पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "टायपिंगच्या क्लासला आलाय का रं?" सगळं गॅरेज हसलं. माझे कान तापले.

मग त्यानेच शिकवलं. त्याला ते सगळं लेथवरून कळायचं. "ढोल्या म्हंजी रफ कट. एका दमात लई माल काढतो, पर स्पीड कमी. काडी म्हंजी फिनिशिंग. केसाएवढा कट, पर सारखा सारखा. तू काडीकडून रफ कट मागतोस, मग टूल तुटनारच की." दांडेकराला लांब ठेवायचं नाही, त्याच्या काठीच्या आत घुसायचं, तिथं तो लंगडा. प्रत्येक लाथेला एक जाणं असतं आणि एक परत येणं, हे तर मला त्याने मांडीवर बोटं आपटून मोजून दाखवलं. "लाथ जाती तवा झाकायचं, परत येती तवा मारायचं. मधी जी घटका हाय ना, सगळा गेम तिच्यात हाय." मी विचारलं, मग नुसतं झाकूनच बसलं तर? तो म्हणाला, "बस की. ढोल्या येऊन उचलतो आन् आपटतो." आणि आपटलाच.

हरलो की मी गडी बदलायचो. आज काडी, उद्या मास्तर. ते त्याला अजिबात खपत नसे. "मान्सं बदलून काय हुतंय? कुनाला काय येतं त्येच तू बघत न्हाईस." मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही स्वतः चार कंपन्या बदलल्यात." तो मान मागे टाकून हसला. "म्हनूनच सांगतो," म्हणाला. पुढे महिनाभर काडीला चिकटून राहिल्यावर एका दुपारी मी त्याला हरवलं. त्याने उभ्या उभ्या मला चहा पाजला आणि गॅरेजातल्या प्रत्येकाला धरून धरून सांगितलं. माझ्यापेक्षा तोच जास्त खूश होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं की आमच्या लेथ शॉपमध्ये एकच जागा पर्मनंट होणार आणि ती आम्हा दोघांतल्याच एकाला मिळणार. त्याची गरज उघड होती. पर्मनंट झाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असं खर्ड्याच्या पाहुण्यांनी त्याला सांगितलं होतं. माझ्याकडे तसलं काहीच कारण नव्हतं. मला फक्त देवळालीला परत जायचं नव्हतं. आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. खेळत राहिलो, पण माझं लक्ष लागेना.

मग बुश बिघडले. पितळी बुशांचा, म्हणजे मधोमध भोक असलेल्या छोट्या नळकांड्यांचा, एक लॉट आम्ही दोघं मिळून करत होतो, दोघांचेही नग एकाच ट्रेमध्ये पडत. शिफ्ट सुटताना तपासणीत तीसेक बुशांचं भोक मोठं निघालं. भोक मोठं झालं की इलाज नाही, माल भंगारात. सुपरवायझर ट्रे घेऊन तरातरा आला आणि थेट भाऊपुढे उभा राहिला. "चार ठिकाणांहून हाकलून दिलेलं माणूस आम्ही ठेवलं. चित्त ठिकाणावर असतं कुठं तुझं?"

ते नग माझे होते. सकाळी टूल लावताना माझंच माप चुकलं होतं, हे ट्रे पाहताक्षणी मला कळलं. मी ठरवलं, साहेबाचं बोलून होऊ दे, मग सांगू. तो बोलत राहिला. भाऊच्या घरच्यांवर गेला. आता सांगू, आता सांगू असं मी मनात घोकत होतो, तेवढ्यात भाऊने अंगातला एप्रन काढला, लेथवर ठेवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब, तुमची कंपनी तुमाला." गेटपर्यंत तो नेहमीसारखा भराभर चालत गेला. मी हातात भोक मापायचं गेज धरून तिथंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जामखेडच्या गाडीला निघाला. मी स्टँडवर गेलो. हातात पिशवी घेऊन तो फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता. मी त्याच्याबरोबर चालू लागलो. तिसऱ्या फेरीला कसंबसं म्हणालो, "भाऊ, ते बुश..."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "माज्या नगावर मी खडूची रेघ मारतो. त्या तिसांवर रेघ नव्हती."

"मग साहेबाला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दोघं बी गेलो असतो."

हे खरं नव्हतं. तो बोलला असता तर फक्त मी गेलो असतो. ते त्यालाही माहीत होतं, कारण एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि पुढची फेरी एकट्याने मारली. गाडी लागली, तो चढला. खिडकीशी जागा असूनही दारात उभा राहून गेला.

खर्ड्याच्या पाहुण्यांनी नकार कळवल्याचं महिनाभराने त्याच्या गावच्या एकाकडून कळलं. त्याच आठवड्यात ऑफिसात बोलावून मला पर्मनंटचं पत्र दिलं. मी ते घेतलं.