निघाली तिथेच परत

माझ्या बायकोला पाण्याची भीती नाही, माणसांची तर त्याहून नाही. विचुंब्यात आमचं सिमेंट-सळईचं दुकान आहे. गल्ल्यावर बसतो मी, पण गिऱ्हाईक विचारतं ते तिला. आमच्या आगऱ्यांच्या नात्यागोत्यात कुणाच्या पोरासाठी मुलगी बघायची निघाली की पहिला फोनही तिलाच येतो. या बाईने पन्नाशीला टेकल्यावर विंगफॉइल शिकायचं काढलं, तेव्हा घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र काही वाटलं नाही. उरणच्या किनाऱ्यावर एकाला ते करताना तिने पाहिलं आणि आम्ही गाडीत बसेपर्यंत तिचं ठरलेलं होतं.

प्रकार असा आहे. हातात हवा भरून फुगवलेलं पंखासारखं शीड धरायचं, ती विंग. पायाखाली बोर्ड. बोर्डाखाली एक लांब दांडा आणि त्याच्या टोकाला पाती. वेग आला की त्या पात्यांवर बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो आणि माणूस आवाज न करता तरंगत जातो. मीही थोडे दिवस करून पाहिलं. मी उभा राहिलो की बोर्डच पाण्याखाली जायचा, म्हणून मी किनाऱ्यावरची नोकरी पत्करली. विंगेत हवा भरायची, पाण्याची बाटली सांभाळायची आणि बायकोला आणायला जायचं.

आणायला, कारण तिला परत येता येत नव्हतं. सुरूच्या झाडांपाशी ती पाण्यात उतरायची, झोकात उभी राहायची, आणि वारा तिला हळूहळू खाली खडकांकडे सरकवत न्यायचा. जिथून वारा येतो तिकडे जाणं हीच खरी विद्या, आणि नवशिक्यांचं घोडं तिथेच अडतं. मग मी वाळूतून खडकांपर्यंत जायचो, बोर्ड डोक्यावर घ्यायचो आणि दोघं पाय ओढत परत यायचो. किनाऱ्यावरची माणसं बघायची. ती त्यांच्याकडे बघून हसायची, पण गाडीत बसली की ते हसू पुसलं जायचं.

तिच्याकडे वेळही फार नव्हता. पावसाळ्यात समुद्र बंद, आणि तो संपला की गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की त्यानंतर हा खेळ विसरायचा. या खेळात दर वेळी पडलं की आधी बोर्डावर गुडघे टेकावे लागतात, मगच उठता येतं. ती ओठ दाबून टेकायची. पावसाआधी एकदा तरी निघाले तिथेच परत यायचं, स्वतःच्या स्वतः, एवढंच तिला हवं होतं. मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीसाठी तिला इतकं हट्टाला पेटलेलं पाहिलेलं नाही, आणि आमचं लग्न तिने तिच्या बापाशी भांडून केलेलं आहे.

शिकवणारे मास्तर नौदलातून निवृत्त झालेले होते. तिची चूक त्यांनी शंभरदा सांगितली होती. ती उठल्याबरोबर सुरूच्या झाडांकडे बघायची आणि बोर्डाचं नाक तिकडेच वळवायची. वाऱ्याच्या तोंडावर असं घुसलं की वेग मरतो आणि बोर्ड आडवा सरकत जातो. तिला सगळं पटायचं, पण पाण्यात गेली की पुन्हा तेच.

एका संध्याकाळी परतताना आम्ही ट्रेलरांच्या रांगेत अडकलो होतो. सकाळीच ती एका पाहुण्याला सोयरिकीसाठी दुसऱ्याच्या घरी घेऊन गेली होती. त्या पाहुण्याने पाणी पिण्याआधीच मुलीचा विषय काढला होता आणि समोरच्यांचे चेहरे पडले होते. ती तेच सांगत होती. सांगता सांगता थांबली आणि माझ्याकडे वळली.

"सोयरिकीला गेल्यावर पोरीचं नाव आधी काढतो का आपून? आधी भाताचं बोलतो, पावसाचं बोलतो. मंग हलूच तिकडं वलतो. मी पान्यात त्या मानसासारखीच करतंय."

पुढच्या खेपेपासून ती झाडांकडे बघायचीच नाही. आधी वाऱ्याला आडवी, सरळ समुद्रात जायची आणि वेग धरायची. बोर्ड वर उचलला आणि स्थिर झाला, की टाचांवर थोडासा भार, नजर किंचित वाऱ्याकडे. एकदम काही मागायचं नाही. पण वळताना पडायची, आणि तेवढ्यात वारा सगळी कमाई घालवायचा.

मे संपत आला होता. त्या दिवशी ती पाण्यात उतरली आणि मी सवयीने बाटली घेऊन खडकांकडे चालायला लागलो. पोचून वळून बघतो तर ती कुठेच नाही. मग लाल विंग दिसली, दूर समुद्रात, आणि माझ्याकडे येत नव्हती. वळताना ती पडली. बराच वेळ तशीच पाण्यात होती. आता ती वाहत माझ्याकडे येणार म्हणून मी बोर्ड घ्यायला पुढे झालो. तिने गुडघे टेकले, उठली, आणि तिरकी होऊन किनाऱ्याकडे निघाली, माझ्यापासून लांब, वर सुरूच्या झाडांच्या दिशेने. पाठ ताठ, हात सैल, घाई अजिबात नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी खडकावर उभा राहून वेड्यासारखा हात हलवत होतो, आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

मी धापा टाकत सुरूच्या झाडांपाशी आलो, तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती.

"तुमी तिकडं कशाला गेल्ते?"

"तुला आणायला."

"मी तर हितं हाय."

तिने गुडघा चोळला आणि आता डॉक्टरला काय कापायचंय ते कापू दे म्हणाली. मी बोर्ड उचलायला वाकलो, तर तिने माझा हात बाजूला केला. अजून वारा होता. विंग उचलून ती पुन्हा पाण्यात शिरली आणि मान वळवून मला म्हणाली,

"आता हितंच उभे ऱ्हावा. मी हितंच येनार हाय."