पंचेचाळीस सेकंदांतले हात

मालिकेच्या सुरुवातीला नावं येतात ना, लोक पाणी प्यायला उठतात तेव्हा, तेवढे पंचेचाळीस सेकंद करण्याचं काम मला मिळालं होतं. गोष्ट एका कारखान्यातल्या कामगाराच्या घरची. माझ्या दोन कल्पना दिग्दर्शकानं नापास केल्या होत्या. तिसरीही पडली असती तर काम मुंबईच्या कुणाकडे गेलं असतं. मदन महल वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. आई म्हणाली, बस एका जागी, फरशी झिजेल.

बाबा रांझीकडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आत काय करायचे, हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काहून विचारून राहिला? आतलं सांगायचं नसते."

माझं डोकंच फिरलं. "मग बाहेरचं तरी सांगा!" मी ओरडलो.

ते उठले, दाराजवळच्या फळीपाशी गेले आणि खिसे रिकामे करू लागले. आधी माचिस, मग बिड्या, मग किल्ल्या. गेटवर झडती होई, आत माचिस सापडली तर नोकरीच जायची, म्हणून ते रोज घरूनच असे रिकामे होऊन निघत. शेवटी खिसा उलटा करून झटकला. तोवर मी मोबाइलवर त्यांचे हात टिपत होतो.

"बाबा, तुमचे हात टीव्हीवर येणार," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी रांझीला जाऊन जुन्या सोबत्यांना सांगूनही टाकलं.

दिग्दर्शकाला कल्पना आवडली, हात नाही आवडले. नायक तिशीचा, हे हात म्हाताऱ्याचे. मी वादसुद्धा घातला नाही, याची मला अजून लाज वाटते. बाबा भाजी आणायला गेले तेव्हा त्याच फळीवर मी माझे हात चित्रित केले. काम पास झालं. त्यांना सांगायचं रोज ठरवायचो आणि रोज शेपूट घालायचो.

पहिल्या भागाच्या दिवशी त्यांचे चार सोबती घरी आले. पडद्यावर माझ्या हातांनी माचिस ठेवली, खिसा उलटा केला. एक सुरकुती नव्हती. मला बसवेना. आई काही बोलणार, तोच एकानं विचारलं, "भाईसाहब, ये तुम्हारे ही हाथ हैं न?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हाँ, मेरे ही हैं," ते म्हणाले, आणि दोन्ही हात त्यांनी शालीखाली घेतले.