चिंध्यांच्या शेडमधल्या नाकताई

ताईंवर लिहायला बसलो खरा, पण मला त्यांचं नावही ठाऊक नाही. घरी कोण आहे, हेही कधी विचारलं नाही. मी टेम्पो चालवायचो. कारखान्यांतल्या तेलकट चिंध्यांची पोती आणून त्यांच्या शेडमध्ये उतरवायची, एवढाच आमचा संबंध.

ताई पोतं उघडून वास घ्यायच्या. यंत्राच्या तेलाच्या चिंध्या पिळून, गरम पाण्यात धुऊन पुन्हा कारखान्यांना जात. रंगाच्या थिनरच्या मात्र बाहेर, वेगळ्या. एखादी चुकून पिळणीच्या यंत्रात गेली तर आगीचा भडकाच. म्हणून सगळे त्यांना नाकताई म्हणत.

एकदा मोठ्या तापातून उठून आल्या. पोत्यातल्या थिनरने माझे डोळे चुरचुरत होते आणि ताई म्हणाल्या, तेल आहे. मी नुसता खोकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोतं बाजूला सारलं. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, वासच येत नाही. मुकादमाला कळलं तर घरी बसवेल हो."

तेव्हापासून थिनर असलं की मी खोकायचो. हमाल म्हणू लागले, म्हाताऱ्याला दमा लागला. मुकादमाने तर कनवाळूपणे औषधाची बाटली आणली आणि समोर उभं राहून दोन चमचे पाजले. कडूजहर! ताई पाठ फिरवून हसत होत्या.

मग मला खरीच सर्दी झाली. ताईंनी पोतं उघडून माझ्याकडे पाहिलं. मी नाकाकडे बोट दाखवून मान हलवली. दुसऱ्या पोत्याचीही तीच गत. तिकडे पिळणीवाला हाकांवर हाका मारत होता. ताईंनी दोन्ही पोती बांधली आणि थेट मुकादमाला गाठलं.

"माझं नाक गेलंय. हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

माझा उल्लेखही केला नाही. मुकादम म्हणाला, "डोळे तरी शाबूत आहेत ना?"

त्याने त्यांना धुण्याच्या घाण पाण्याच्या टाक्यांवर नेमलं. वर तरंगणारं तेल काढायचं, औषध घालून गाळ बसू द्यायचा, पाणी नितळ झालं की पुढे सोडायचं. तवंगाचा ठिपका दिसला तरी ताई पाणी सोडायची झडप उघडू देत नसत. मुकादमाशीही भांडत.

पोती सुटली, तसं आमचं बोलणंही सुटलं. नोकरीतल्या माझ्या शेवटच्या फेरीला काहीतरी बोलावं म्हणून टाक्यांपर्यंत गेलो आणि तसाच वळलो. परत येऊन गाडी सुरू केली, तेवढ्यात त्यांची हाक आली.

"भाऊ, गाडी जरा पुढे घ्या. चाक टाकीच्या नळीवर आलंय."

"घेतो, ताई."